एरवी एकटं राहायला आवडतं, पण कधीतरी बाहेर पडलं की फार मजा येते. मग मी खरंच घरकोंबडा आहे का?

तुम्ही लिहिलंय की आठवडेच्या आठवडे घरात एकटे मजेत असता; महिन्या-दीड महिन्यातून कुणाकडे गेलात की मात्र इतकं छान वाटतं की परतताना शंका येते, आपण उगाच स्वतःला घरकोंबडा म्हणवून घेतोय का?

मी एकटी राहते आणि अकरा वर्षं घरूनच मुद्रितशोधन करते. कित्येकदा दिवसातला पहिला शब्द दुपारी चारला तोंडातून निघतो, तोही कुरियरवाल्याला "सही कुठे करू?" असा, आणि आवाज गंजलेल्या कडीसारखा येतो. थोडक्यात, घरकोंबडी आहे. तुमची शंका मलाही दर खेपेला येते आणि दुसऱ्या दिवशी पहिलं प्रूफ हातात घेतलं की विरते.

आधी शब्द नीट लावू (धंद्याची खोड, जात नाही). घरकोंबड्याला घर आवडतं. एकलकोंडा चार माणसांत मिसळत नाही. माणूसघाण्याला माणसांचा तिटकाराच असतो. लोक या तिघांना एकाच पिशवीत कोंबतात, आणि ऐकून ऐकून आपणही. मला माणसं आवडतात, रोज नकोत इतकंच. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी १९२१ मध्ये मांडणारा मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगही दोन्ही प्रवृत्ती प्रत्येकात असतात, एखादी वरचढ ठरते, असंच म्हणत होता. तेव्हा कुणाच्या घरी चार तास खिदळलात म्हणून तुमचं काही खोटं पडत नाही.

आता मुद्द्याचं. लीफ नेल्सन आणि टॉम मेविस या दोन संशोधकांचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले काही प्रयोग आहेत. मसाज चालू असताना मध्ये थोडा खंड पाडला, तर लोकांना तो सलग मसाजपेक्षा जास्त सुखाचा वाटला. उलट व्हॅक्यूम क्लीनरची घरघर मध्येच थांबवून पुन्हा सुरू केली, तर ती जास्त जाचली. कारण सोपं आहे: सुख असो की त्रास, सलग असला की आपण सरावतो, आणि खंड पडला की सराव मोडतो.

हे वाचल्यापासून मी बाहेर किती मजा आली हे मोजणं सोडून दिलं. मजा येणारच, ती कुणालाही येते. मी परतल्यावर कुलूप उघडतानाचा क्षण बघते. बंद घराचा तो थोडा कोंदट वास, टेबलावर प्रूफाचं अर्धं पान, ओळीवर आडवी ठेवलेली पेन्सिल. हे सगळं बघून "हुश्श" झालं, तर माझं एकटेपण मसाजच्या जातीचं आहे. मधे एक काळ असाही होता की दार उघडलं की पोटात खड्डा पडायचा आणि मी दिवा न लावता तशीच बसून राहायचे. तेव्हा कळलं की हा एकांत राहिलेला नाही, ही घरघर आहे. मग मुद्दाम दर बुधवारी एका मैत्रिणीशी फोनवर बोलायचं ठरवलं, आणि दोनेक महिन्यांत खड्डा भरला.

जाण्याआधीच्या कंटाळ्यावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. निघायच्या तासभर आधी "बरं वाटत नाहीये गं" हा मेसेज मी निदान पन्नासदा लिहून खोडला असेल. एपली आणि श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी शिकागोच्या लोकल गाडीतल्या प्रवाशांवर केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच दिसलं: अनोळखी माणसाशी बोलण्यापेक्षा गप्प बसणं सुखाचं जाईल असा लोकांचा अंदाज होता, आणि प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त मजेत गेला. म्हणून माझा नियम एकच, चपला पायात घालेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. एकदा चपला चढवल्या की परत काढायचाही कंटाळा येतो.

बाकी सवयीच्या गोष्टी. परतायची वेळ आधीच सांगून ठेवते, कारण शेवट माहीत असला की मी मोकळी बसते. बारा जणांच्या घोळक्यापेक्षा दोघं-तिघं बरे. आणि लागोपाठ दोन दिवस कुणी बोलावलं तर दुसऱ्याला सरळ नाही म्हणते. लोकांना राग येतो, येऊ दे.

गेल्या शनिवारी साडेदहाला परतले तेव्हा बोलून बोलून घसा बसला होता. रविवारी कुणाशी बोलायचंच नव्हतं, त्यामुळे तो बसलाय हे सोमवारी कुरियरवाला आल्यावरच कळलं.