फुप्फुस प्रत्यारोपणानंतर भावाच्या मानेत गाठ आली आहे, टीबीचा कोर्स लगेच सुरू करावा का?

चेन्नईत प्रत्यारोपण होऊन 8 महिने झाले, आता मानेत गाठ, रोज संध्याकाळी कणकण, आणि फोंड्यातले डॉक्टर सुईने तपासून टीबीची औषधं सुरू करूया म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. थांबा. टीबीचा संशय चुकीचा नाही, पण या रुग्णात लिम्फोमाही (लसिका पेशींचा कर्करोग) धरून चालावं लागतं. पहिल्या वर्षातला लिम्फोमा बहुधा एप्स्टाईन-बार विषाणूमुळे होतो. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे विषाणूला आवरणाऱ्या टी पेशी दबलेल्या असतात, मग विषाणू शिरलेल्या बी पेशी (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) मोकाट वाढतात. भावाला हा विषाणू आधी कधी झालेला नसेल आणि दात्याला झालेला असेल, तर धोका सगळ्यात जास्त. प्रत्यारोपणाच्या फाइलमध्ये दोघांचाही रिपोर्ट असतो, तो काढून बघा.

अंदाजाने टीबीची औषधं देण्यात खरी अडचण त्यातल्या रिफाम्पिसिनची. ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी एकदम पाडतं आणि शरीर नवं फुप्फुस नाकारू लागतं. टीबी निघालाच तरी औषधांची जुळणी चेन्नईच्या टीमला विचारूनच करायची.

सुईच्या तपासणीवर भागवू नका, अख्खी गाठ काढून बायोप्सी करा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) दाखवा. गाठीचे दोन भाग करायला आधीच सांगून ठेवा: एक फॉर्मेलिनमध्ये, एक सलाईनमध्ये. सगळं फॉर्मेलिनमध्ये गेलं की टीबीचं कल्चर होत नाही, आणि ही चूक वरचेवर होते. पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीवर 'फुप्फुस प्रत्यारोपण, सीडी20 आणि ईबर करावे' असं लिहून घ्या; सीडी20 ही बी पेशींवरची खूण, ईबर ही गाठीत एप्स्टाईन-बार विषाणू शोधणारी तपासणी. सोबत रक्तातलं एलडीएच, विषाणूचं रक्तातलं प्रमाण मोजणारा पीसीआर आणि गाठी कुठे कुठे आहेत ते दाखवणारा पेट-सीटी स्कॅन. बदललेल्या फुप्फुसातच गाठी असणं या रुग्णांत नवीन नाही.

लिम्फोमा निघाला तर आधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करतात. ते टीमचं काम, घरी एक गोळीसुद्धा मनाने कमी करू नका. सीडी20 असेल तर पुढे त्याच खुणेवर काम करणारं रिटुक्सिमॅब, साधारणपणे शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 375 मिलिग्रॅम, आठवड्याला एक असे चार डोस. तेवढ्याने भागलं नाही तर केमो. रिटुक्सिमॅबच्या पहिल्या डोसआधी हिपॅटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या, सरफेस अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी, झाल्याच पाहिजेत. दबलेली ही बी कावीळ या औषधाने उसळू शकते.

टॅक्रोलिमसची पातळी मोजायचं रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं, आदल्या गोळीनंतर 12 तासांनी. चवथीला गणपतीवर फळं टांगतात त्या माटोळीतलं पपनस भावाला देऊ नका, त्याने पातळी वाढते. औषधं कमी केल्यावर घरी रोज स्पायरोमीटर (श्वासाची ताकद मोजणारं यंत्र) फुंकायला लावा. आकडा नेहमीपेक्षा 10 टक्क्यांनी खाली आला तर त्याच दिवशी चेन्नईला फोन.