वाचकांचे प्रश्न : चर्चला किती द्यावे आणि कसे ठरवावे?

प्रश्न : आमचे वसईच्या किनाऱ्यावरचे कोळी ख्रिस्ती कुटुंब आहे. यजमानांची स्वतःची बोट आहे. हंगामात चार पैसे हाती येतात; जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मात्र घर उसनवारीवर चालते. सध्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) चर्चच्या छपरासाठी वर्गणी गोळा होत असून देणगीदारांची नावे व रकमा फलकावर लिहिल्या जातात. सासूबाई म्हणतात की, दहावा हिस्सा दिलाच पाहिजे, नाहीतर घरात बरकत राहत नाही. यजमान म्हणतात की, जाळ्यांचे कर्ज फिटेपर्यंत एक रुपयाही देणार नाही. मी काय करावे? — एक भगिनी, वसई

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्यापासून सुरुवात करू. दशांशाची परंपरा जुनी आणि आदरणीय आहे. अब्राहामाने याजक-राजा मलकीसदेकाला दहावा हिस्सा दिला आणि पुढे मोशेच्या नियमशास्त्रात पीक, फळे व गुरेढोरे यांचा दशांश परमेश्वरासाठी राखून ठेवण्याची आज्ञा आली. मात्र दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवावा आणि त्यातून लेवी (उपासनेची सेवा करणारे कूळ), उपरे, अनाथ व विधवा यांना पोटभर जेवू घालावे, असेही बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. दशांशावर बोलताना हा भाग सहसा वाचून दाखवला जात नाही, याची मला खंत वाटते. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना) प्रभू येशूने न्याय, दया व विश्वास यांची आठवण करून दिली, हेही विसरू नये. कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम २२२ चर्चच्या गरजांना हातभार लावणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य मानते. पण त्यात टक्केवारी सांगितलेली नाही. ज्याला दहावा हिस्सा देणे जमते त्याने तो आनंदाने द्यावा. ज्याला जमत नाही त्याला बरकतीची भीती घालू नये.

आता यजमानांचे म्हणणे. कर्ज फेडणे हाही धर्मच आहे, कारण तो पैसा दुसऱ्याचा आहे. आईवडिलांच्या वाट्याचे धन ‘देवाला अर्पण’ म्हणून बाजूला काढणाऱ्यांना प्रभूने मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात कठोर शब्दांत सुनावले आहे. तेव्हा कर्जाचा हप्ता, मुलांची फी किंवा म्हाताऱ्यांचे औषध थांबवून वर्गणी भरू नका. तरीही ‘एक रुपयाही नाही’ हा निर्णय मला पटत नाही, आणि त्याचे कारण संत पौलाच्या पत्रांत आहे. करिंथ येथील बंधुभगिनींना तो सांगतो की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूला ठेवावे. ज्यांची मिळकत भरती-ओहोटीसारखी वरखाली होते, त्यांना याहून सोयीचा नियम सापडणार नाही. बोटीचा हिशेब होतो, डिझेल, बर्फ व किराणा वजा होतो, खलाशांचे वाटे दिले जातात आणि मग जे घरात येते, त्यातूनच हा भाग काढायचा. खलाशाचा वाटा मारून केलेले दान देवाला पोहोचत नाही. म्हावरे भरपूर लागले त्या आठवड्यात शंभर रुपये निघतील, रिकामी बोट परतली तर काहीच निघणार नाही, आणि बंदीच्या दोन महिन्यांत न दिल्याचा दोष मनाला लावून घेऊ नये. मनाची तयारी असली की माणसापाशी जे आहे त्यावरून दान मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे. इतरांचा भार हलका करण्यासाठी तुम्ही दडपून जावे असे नाही, हेही पौलाने त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहिले आहे.

ही रक्कम ठरवायची कशी? शनिवारी रात्री रोझरी झाल्यावर दोघांनी आठवड्याचा हिशेब समोर घेऊन बसावे. आधी मिळालेल्याबद्दल आभार मानावेत, मग देणी आठवावीत, मग शेजारी कोण अडचणीत आहे हे आठवावे आणि त्यानंतरच आकडा उच्चारावा. यजमान अजून राजी नसतील तर वाद न घालता नुसते सोबत बसा. प्रार्थनेत ठरलेली वीस रुपयांची रक्कम लाजेपोटी भरलेल्या दोन हजारांपेक्षा देवाला प्रिय आहे, असे मी पूर्ण विश्वासाने लिहितो.

फलकाविषयी माझे मत स्पष्ट आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले असताना गरिबाला मान खाली घालायला लावणारी यादी चर्चच्या दारात शोभत नाही. जमाखर्च जरूर लावावा, पण नावांवाचून एकूण जमा आणि एकूण खर्च लावावा. हे आपण धर्मगुरूंना आदराने सांगू शकता. आपल्याजवळची दोनच नाणी मंदिराच्या दानपेटीत टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्टही अशा वेळी हमखास सांगितली जाते. परंतु तिच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आला आहे, हे मार्कच्या बाराव्या अध्यायात कोणीही पाहू शकेल. ती गोष्ट तिच्या श्रद्धेचा गौरव करते. तिच्यासारख्यांकडून वसुली करण्याचा परवाना देत नाही.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास आरंभीचे ख्रिस्ती लेखक संत जस्टिन यांनी रोममध्ये रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. ज्यांना शक्य आहे व ज्यांची इच्छा आहे ते आपल्या मनाप्रमाणे देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे पाहुणे यांची काळजी घेतली जाते, असे ते सांगतात. आपल्या वसईतही १७३९ साली पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्याबरोबर राजाश्रयही संपला. त्यानंतर येथील उपासना टिकली ती येथील शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या हातांवर. छप्पर गळत असेल तर ते आपणच शाकारायचे आहे. ज्या महिन्यात पैसे नसतील त्या महिन्यात यजमानांनी दोन दिवस कामाला हात लावला, तर तेही अर्पणच आहे.

प्रश्न : मी दफनभूमीच्या कुंपणासाठी देणगी दिली होती. ती दुसऱ्या कामासाठी वापरल्याचे ऐकतो. विचारणे हा विश्वासाचा अभाव ठरेल का? — एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : मुळीच नाही. ठरावीक हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असे धर्मसंहितेचे कलम १२६७ सांगते, आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठीचा निधी नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली होती. मात्र ऐकीव गोष्टीवर विसंबून मिस्सानंतर अंगणात चर्चा करू नका. पावती घेऊन आधी धर्मगुरूंना एकांतात भेटा आणि समाधान झाले नाही तर समितीकडे लेखी विचारा.