मुलीची आठ लाखांची एम.ए. : एफडी मोडावी का?

प्रश्न (सोलापूरच्या एका वाचक ताईंच्या पत्रातून, थोडक्यात) : मुलगी बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ घेऊन एम.ए. करायचं म्हणते. फी आणि हॉस्टेल धरून दोन वर्षांचे आठ लाख. यजमान एसटीत, निवृत्तीला पाच वर्षं उरलीत. बँकेत पाच लाखांची एफडी, पतसंस्थेत चार लाख. धाकटा दहावीत. एफडी मोडावी का? आणि महाराष्ट्रातच राहून तिला नोकरी मिळेल का?

उत्तर : ताई, एफडी मोडू नका. सीट पक्की करायला मागितलेले पंचवीस हजारही एवढ्यात भरू नका.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. ती मिळते परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम केल्यावर, आणि त्यात रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहावे लागतात. पदवीच्या नावात ‘क्लिनिकल’ आहे म्हणून नोंदणी होत नाही. इतकी वर्षं रूढ रस्ता होता आधी एम.ए. आणि मग दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एम.फिल. बंद केलं, या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली, आणि दरम्यान परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले. या बदलाच्या गडबडीत एकाच नावाच्या दोन एम.ए. दिसतात, एक मान्यतेची आणि एक बिनमान्यतेची. फीवरून फरक कळत नाही.

तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात ‘आरसीआयच्या निकषांवर आधारित अभ्यासक्रम’ असं छापलंय. वाक्य मोठ्या हुशारीने लिहिलंय. मान्यता असती तर त्यांनी ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाकली असती. त्याच्याच खाली ‘१०० टक्के प्लेसमेंट साहाय्य’ आहे. साहाय्य शंभर टक्के, नोकरी किती टक्के ते लिहिलेलं नाही!

आता महाराष्ट्रातल्या कामाबद्दल. काम आहे, पण नोंदणी असलेल्यांचं वेगळं आणि नसलेल्यांचं वेगळं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, मोठी खासगी रुग्णालयं, इथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या जागांना नोंदणी हवी. जिल्हा पातळीवरच्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, हेही धरून चाला. नुसत्या एम.ए.वर शाळेत समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्र, स्वयंसेवी संस्था, कंपनीतलं एचआर ही दारं उघडी राहतात. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवावाच लागतो, त्यामुळे तिथे मागणी आहे. हे काम कमी दर्जाचं मुळीच नाही. फक्त त्यासाठी आठ लाख घालायची गरज नाही.

हिशेब बघा. वर्षाला चार लाख असं आठ लाखांचं कर्ज घेतलं, व्याज १० टक्के धरलं आणि शिक्षणानंतर एक वर्ष हप्ता न भरण्याची सवलत घेतली, तर हप्ता सुरू होईपर्यंत आठाचे दहा लाख होतात. दहा वर्षांसाठी हप्ता साधारण १३,२०० रुपये. सुरुवातीचा पगार बावीस हजार धरला, तर हप्ता भरून हातात ८,८०० उरतात. तेवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर राहणं आणि मेस कशीबशी भागेल, बाकी कशालाच काही उरणार नाही. म्हणजे हप्ता तुमच्याच घरावर येणार, तोही यजमानांच्या निवृत्तीच्या तोंडावर.

माझा सल्ला असा. एम.ए. मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागात, नाहीतर चांगल्या अनुदानित महाविद्यालयात करू द्या. तिथली फी हजारांत असते. पुण्यात राहण्या-खाण्याचे महिना बारा हजार धरले तरी दोन वर्षांचा सगळा खर्च सव्वातीन लाखांच्या आसपास बसतो. तो पतसंस्थेतल्या चार लाखांतून करा. तसेही ते पैसे तिथून काढायला हवेत, कारण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पावसाळ्यात मुदत संपते आहे म्हणता, तर व्याज अर्धा टक्का जास्त देतो म्हणाले तरी पावती रिन्यू करू नका. बँकेतल्या पाच लाखांना हात लावायचा नाही. ते धाकट्याच्या बारावीनंतरचे आणि तुमच्या म्हातारपणाचे.

पुढे तिला खरंच रुग्णालयातलं काम करायचं असेल, तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी तेव्हा तिच्या नावावर कर्ज काढा. साडेसात लाखांच्या आत ठेवलंत तर सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. आठ लाख म्हटलं की घराची कागदपत्रं मागतील. या अभ्यासक्रमांना जागा थोड्या आणि प्रवेश परीक्षा कठीण, म्हणून मधलं एक वर्ष रिकामं जाईल असं समजूनच चाला. ते वर्ष तिने शाळेत किंवा व्यसनमुक्ती केंद्रात काम करून काढावं. हे काम आपल्याला झेपतं का, हेही तिला तेव्हाच कळेल.

तुमच्या पुतण्याने सुचवलेला घरबसल्या ऑनलाइन एम.ए.चा पर्याय आता उरलेला नाही. मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने प्रवेश द्यायला यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंदी घातली आहे.

एका गोष्टीने माझं उत्तर बदलेल. त्या विद्यापीठाकडे परिषदेचं मान्यतापत्र असेल, त्यावर याच अभ्यासक्रमाचं नाव, यंदाचं वर्ष आणि जागांची संख्या असेल, तर दोन टप्प्यांचं काम एकात होतंय का हे बघता येईल. मग साडेसात लाखांच्या आतलं कर्ज आणि वरचे पैसे पतसंस्थेतले, असा विचार करू. मुलीला उद्याच त्यांना ईमेल करून ते पत्र मागू द्या आणि परिषदेच्या संकेतस्थळावरच्या संस्थांच्या यादीशी ताडून पाहू द्या. त्याच ईमेलमध्ये प्रवेश रद्द केला तर पंचवीस हजारांपैकी किती परत मिळतील, तेही विचारायला सांगा. फोनवरचं उत्तर धरू नका, लेखी घ्या.