अदिस अबाबात राहतो, इथिओपियन सहकाऱ्याने नववर्षाला घरी जेवायला बोलावलंय. काय असतं, काय न्यावं?

आधी वार बघा. एन्कुताताश, म्हणजे इथिओपियन नववर्ष, तिथल्या मेस्केरेम महिन्याची पहिली तारीख, 11 सप्टेंबरला येते. पुढचं इंग्रजी वर्ष लीप असेल तर 12 ला. 2026 मध्ये 11 सप्टेंबरला शुक्रवार आहे. बुधवार-शुक्रवार ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवासाचे, आणि नववर्षाला त्यातून सूट नाही. कर्मठ घर असेल तर मांस, अंडी, दूध, लोणी बंद. पानात शिरो (डाळींच्या पिठाचं पिठल्यासारखं कालवण) आणि मसूर. शाकाहाऱ्यांची चंगळच. एरवीही ‘यत्सोम’ म्हणजे उपवासाचं मागितलं की प्राणिज काही येत नाही.

वेळ नीट विचारून घ्या. तिथलं घड्याळ सूर्योदयापासून चालतं, त्यामुळे ‘दिवसा सात’ म्हणजे आपला दुपारचा एक.

उपवास नसेल तर मुख्य पदार्थ दोरो वत (कोंबडीचा रस्सा). एका कोंबडीला किलो-सव्वा किलो कांदा अगदी बारीक चिरून, तेल न घालता मंद आचेवर तासभर परततात. मग बेरबेरे (लाल मिरचीचा मसाला), मसाल्यांत कढवलेलं लोणी, कोंबडीचे परंपरेने बारा तुकडे, शेवटी उकडलेली अंडी. घाई करून आच वाढवली की कांदा करपतो, बेरबेरे कडवट लागतो आणि रस्सा दाट होत नाही. खरी परीक्षा कोंबडीची नाही, कांद्याची. सोबत तेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा इंजेरा (धिरड्यासारखी पोळी).

सगळे एकाच ताटात, उजव्या हाताने जेवतात. यजमान घास करून तुमच्या तोंडाशी आणेल, त्याला गुर्शा म्हणतात. नको म्हणू नका, मोठा असला तरी! नंतर जमिनीवर ताजं गवत पसरून कॉफी: दाणे समोरच भाजतात, जेबेनात (मातीच्या सुरईत) उकळतात, तीन फेऱ्या होतात. पहिल्या कपावर उठणं बरं दिसत नाही.

न्यायला आदेय अबेबाची जुडी पुरे. पावसाळा सरताना फुलणारी ही पिवळी फुलं त्या दिवसांत रस्तोरस्ती विकायला असतात. सुटे पैसेही ठेवा: पांढऱ्या कपड्यांतल्या मुली दारोदार गाणी म्हणत येतात, मुलगे स्वतः काढलेली चित्रं देतात, दोघांनाही काहीतरी द्यायचं असतं. आदल्या संध्याकाळी काटक्यांच्या मशाली पेटतात, तेव्हा रस्त्यात धूर दिसला तर घाबरू नका.

दारात ‘मेल्काम अदिस आमेत’ म्हणा. आणि शुभेच्छापत्रावर 2027 लिहू नका, तिथे तेव्हा 2019 लागलेलं असेल.