ऑटोवरचा संच आणि ऑपरेटरचा हात

औष्णिक वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात तीन वर्षे काढूनही आपण नुसते पडदे पाहत बसतो, त्यात समाधान नाही आणि शिकणेही थांबले आहे, तर दोष आपला की यंत्रणेचा, असे आपण विचारले आहे. ऑपरेशनमध्ये अठ्ठावीस वर्षे काढल्यावर मला वाटते की, दोष सराव तुटल्याचा आहे.

मी रुजू झालो तेव्हा २१० मेगावॉटच्या संचावर शाईने आलेख काढणारे रेकॉर्डर होते आणि बॉयलर ड्रमची, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी करणाऱ्या टाकीची, पाण्याची पातळी अनेकदा हातानेच सांभाळावी लागे. पुढे डीसीएस ही संगणकीय नियंत्रण प्रणाली आली, ट्रिप म्हणजे संच अचानक बंद पडणे कमी झाले, रात्रपाळीचा ताण उतरला. त्यामुळे जुन्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. मात्र रोजच्या त्या किरकोळ कामातूनच अडचणीच्या वेळची समज तयार होत होती, हे आम्हांला उशिरा कळले.

एका पावसाळी रात्री ओला कोळसा बंकरमध्ये, म्हणजे साठवणीच्या कोठीत, अडकला. तिथून मिलकडे कोळसा सरकवणारा फीडर फिरत होता, म्हणून पडद्यावर कोळसा जात असल्याचे दिसत होते. वाफेचा दाब मात्र घसरत होता आणि तो सावरण्यासाठी ऑटो, म्हणजे स्वयंचलित नियंत्रण, सगळ्याच फीडरचा वेग वाढवत होता. डेस्कवरचा तरुण हुशार होता, पण तो दाबाकडेच पाहत राहिला. शेजारच्या जुन्या ऑपरेटरने कोळसा दळणाऱ्या मिलचा करंट उतरलेला आणि मिलमधून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान चढलेले पाहिले, मिल रिकामी चालली आहे हे ओळखले, इंधन मॅन्युअलवर घेतले आणि बंकरवर घण मारायला माणसे पाठवली. अडकलेला कोळसा एकदम सुटला असता, तर त्या वाढलेल्या वेगामुळे दाब भलताच उसळला असता.

अर्थात, सगळे हातावर आणा, असे कोणी म्हणू नये. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल, म्हणजे अतिउच्च दाबावर चालणाऱ्या, संचांना ड्रमच नाही. तेथे पाणी आणि इंधन यांचा मेळ माणसाने तासन्‌तास घालणे शक्य नाही. शिवाय दुपारी सौर वीज वाढली की कोळशाचे संच क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरवायचे आणि सायंकाळी पुन्हा चढवायचे. २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी तर ४० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले आहे. ही चढउतार ऑटोशिवाय निभणार नाही. ही नियंत्रण यंत्रणा सांभाळणाऱ्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या मंडळींचे काम त्यामुळे अधिक रंगतदार झाले, ऑपरेटरचे फिके पडले. आपली खंत तिथली आहे.

तेव्हा इन्स्ट्रुमेंटेशन विभागाकडून लॉजिकची, म्हणजे ऑटो कशावरून काय ठरवतो त्याची, ड्रॉइंग मागून घ्या, पाळीत निदान एकदा मिलजवळ जाऊन आवाज ऐका, आणि संच ड्रमचा असेल, तर रात्री भार स्थिर असताना शिफ्ट इन्चार्जच्या देखरेखीखाली एखादे लूप, म्हणजे एका मापाचे स्वयंचलित नियंत्रण, मॅन्युअलवर घेण्याची परवानगी लेखी मागा. आमच्याकडे ती मिळायला सात महिने लागले, कारण ट्रिप झाल्यास खुलासा कोणी द्यायचा, हेच ठरत नव्हते.