सही झाल्यानंतरची वर्षं

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा प्रबंधाचा आराखडा, दोन्ही दोनदा वाचलं. ‘राजनैतिक करारांनी संघर्षग्रस्त प्रदेशात कायमची शांतता येते का?’ हा प्रश्न घेतला आहेस. बारा करार तपासून ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ असे दोन रकाने भरणार, असं म्हणतेस. तो तक्ता करायला घेण्याआधी हे पत्र वाच. माझं मत असं की बारा करार नकोत. दोनच घे, श्रीलंका आणि उत्तर आयर्लंड, आणि त्यांच्यात खोल जा. हे मी का म्हणतो, ते सांगायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

२९ जुलै १९८७. मी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. टेलिप्रिंटरवर कोलंबोची बातमी येत होती. राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. श्रीलंका सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातली लढाई ४८ तासांत थांबणार, पुढच्या ७२ तासांत शस्त्रं खाली ठेवली जाणार, उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एक होणार, तमिळला राजभाषेचं स्थान मिळणार. मी भराभर मराठीत उतरवत होतो आणि मनापासून आनंदलो होतो. १९८३ च्या जुलैमधल्या तमिळविरोधी दंगलींच्या बातम्याही मीच लावल्या होत्या. मथळा दिला, ‘श्रीलंकेत शांतता’.

दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून वार केला. छायाचित्र आलं तेव्हा आम्ही सगळे त्याला एका माथेफिरूचं कृत्य समजलो. मी त्या छायाचित्राचा अर्थ लावायला चुकलो. तो नौसैनिक तमिळ बंडखोर नव्हता, तो करारावर सही करणाऱ्या जयवर्धनेंच्याच आरमारातला होता. पंतप्रधान प्रेमदासा सह्यांच्या समारंभाला आले नव्हते. कोलंबोत संचारबंदी होती आणि रस्त्यावर उतरलेले लोक सिंहली होते. पुढे दक्षिणेत ‘जनता विमुक्ती पेरमुना’चं बंड पेटलं, तेही सिंहली तरुणांचं. म्हणजे शाई वाळायच्या आत करारावर पहिला घाव स्वतःच्या घरातून पडला होता, आणि तो आमच्या पहिल्या पानावर छापलेला असून मला दिसला नाही.

दुसरी बाजूही तशीच. करार दोन सरकारांमधला होता. ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेची त्यावर सही नव्हती. तिचे प्रमुख प्रभाकरन यांना सह्यांच्या आधी दिल्लीत आणून हॉटेलात ठेवलं होतं, बोलणी झाली, दबावही आला. ४ ऑगस्टला जाफन्याजवळ सुदुमलै इथे त्यांनी आपल्या लोकांसमोर भाषण केलं. शस्त्रं भारताच्या हवाली करू, पण या कराराने तमिळांचा प्रश्न सुटेल यावर आपला विश्वास नाही, असा त्याचा आशय. हे भाषण तू शब्दन् शब्द वाच. कराराच्या मसुद्यापेक्षा ते अधिक बोलतं. ऑक्टोबरात, करारानुसार तिथे गेलेली भारतीय शांतिसेना आणि लिट्टे यांच्यातच लढाई जुंपली. सह्यांना अडीच महिने झाले होते.

शांतता राखायला गेलेले आपले हजाराहून अधिक जवान तिथे मेले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन महार रेजिमेंटचे होते. २५ नोव्हेंबर १९८७ ला ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ती बातमी लावताना मला माझाच मथळा आठवला, आणि त्यानंतर ‘शांतता’ हा शब्द मी मथळ्यात फार जपून वापरला.

आता तुझ्या प्रबंधाच्या मुळाशी येतो. तू गृहीत धरलं आहेस की करार शत्रू मोडतो. माझं निरीक्षण वेगळं आहे. करार बहुतेक वेळा आपल्याच बाजूचे लोक मोडतात. म्हणून दोन शत्रूंनी एकमेकांना काय लिहून दिलं, एवढंच वाचून भागत नाही. सही करून घरी परतलेल्या माणसाने आपल्या माणसांना काय सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं का, हे शोधावं लागतं.

श्रीलंकेचाच मागचा धागा ओढून बघ. १९५६ मध्ये ‘फक्त सिंहली’ हा भाषा कायदा आला. १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात करार झाला: प्रादेशिक मंडळं, तमिळ भाषेला मान्यता. एकही गोळी न झाडता झालेला, अतिशय समजूतदार करार. १९५८ च्या एप्रिलमध्ये बौद्ध भिक्षू बंडारनायकेंच्या घरासमोर येऊन बसले आणि त्यांनी करार रद्द केला. त्याआधी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, या कराराच्या विरोधात कँडीकडे पदयात्रा काढली होती विरोधी पक्षातल्या एका नेत्याने. त्यांचं नाव जे. आर. जयवर्धने. तीस वर्षांनी तेच अध्यक्ष म्हणून जवळपास त्याच मागण्यांच्या करारावर सही करायला बसले. मधल्या काळात आपल्या लोकांना जे ऐकवत आले होते, ते एका दुपारच्या सहीने कसं पुसलं जाणार?

आपल्या भाषेतही बघ, ‘लढाईत कमावलं, तहात गमावलं’ असं आपण किती सहज म्हणून जातो. तह म्हटला की आपल्या वाट्याचं काहीतरी गेलं, हा संशय आपल्या बोलण्यात मुरलेला आहे. मला वाटतं प्रत्येक समाजात अशी एखादी म्हण असणार. इजिप्तचे अध्यक्ष सादात १९८१ मध्ये मारले गेले ते इजिप्शियन सैनिकांच्या हातून. इस्रायलचे पंतप्रधान राबिन १९९५ मध्ये मारले गेले ते एका ज्यू तरुणाच्या हातून. दोघांनी शत्रूशी हात मिळवला होता आणि दोघांना गोळी घरातून आली. यातला इजिप्त-इस्रायल तह मात्र सादात गेल्यावरही टिकला. सिनाई परत मिळणं, सैन्य मागे घेणं, मध्ये बहुराष्ट्रीय निरीक्षक, असं सगळं मोजता येण्याजोगं त्यात होतं. दोन सरकारांमधलं वैर आणि एकाच गावात राहणाऱ्या दोन समाजांमधलं वैर, यांत हा फरक तू ठेवायला हवास. तुझ्या आराखड्यात ते दोन्ही एकाच यादीत बसले आहेत.

उत्तर आयर्लंडकडे वळ. १९७३ च्या डिसेंबरात सनिंगडेल इथे करार झाला. ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे प्रोटेस्टंट युनियनवादी आणि आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारे कॅथलिक राष्ट्रवादी यांनी मिळून सत्ता चालवायची. १९७४ च्या मे महिन्यात प्रोटेस्टंट कामगारांनी दोन आठवडे संप केला, वीज बंद पाडायची वेळ आणली आणि ते सरकार कोसळलं. युनियनवादी नेते ब्रायन फॉकनर यांना त्यांच्याच लोकांनी पाडलं. १९९८ चा गुड फ्रायडे करार कागदावर सनिंगडेलपेक्षा फार वेगळा नाही, हे तिथलेच नेते सांगत. मधल्या चोवीस वर्षांत माणसं मरत राहिली. एकंदर संघर्षाचे बळी सुमारे ३५००.

मग १९९८ मध्ये बदललं काय? इथे तू सावकाश वाच, खरं काम इथे आहे. बंदूक धरणाऱ्यांशी नातं असलेले पक्ष या वेळी टेबलाशी होते. आयआरए या कॅथलिक सशस्त्र संघटनेने शस्त्रसंधी केल्यावर तिच्या जवळचा शिन फेन पक्ष आत आला, आणि प्रोटेस्टंट सशस्त्र गटांच्या जवळचे पक्षही. जानेवारी १९९८ मध्ये प्रोटेस्टंट कैद्यांनी वाटाघाटींचा पाठिंबा काढला तेव्हा ब्रिटिश मंत्री मो मोलम स्वतः मेझ तुरुंगात गेल्या आणि त्यांच्याशी बोलल्या. केवढी टीका झाली त्यांच्यावर! पण कैद्यांचा शब्द त्यांच्या गल्लीत चालत होता, नेत्यांचा नव्हे, हे त्यांना कळलं होतं. करार झाल्यावर त्याची प्रत घरोघर पाठवली आणि २२ मे रोजी सार्वमत घेतलं. उत्तरेत ७१ टक्के, आयर्लंड प्रजासत्ताकात ९४ टक्के लोकांनी होकार दिला. तीन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, ओमा गावात आयआरएतून फुटलेल्या गटाने बॉम्ब फोडला आणि २९ माणसं मेली. सनिंगडेलच्या काळात एवढ्याने सगळं संपलं असतं. या वेळी करार उभा राहिला, कारण लोकांनी स्वतः त्याच्यावर शिक्का मारलेला होता.

तरीही पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. शस्त्रं दोन वर्षांत जमा होतील अशी अपेक्षा होती, आयआरएची शस्त्रं निकामी झाल्याचं जाहीर झालं २००५ मध्ये. विधिमंडळ २००२ पासून २००७ पर्यंत बंदच होतं. ज्यांनी करार केला ते युनियनवादी नेते ट्रिंबल आणि राष्ट्रवादी नेते ह्यूम, दोघांना नोबेल मिळालं, पण दोघांचे पक्ष आपापल्या समाजात मागे पडले. ट्रिंबल तर २००५ मध्ये स्वतःची जागाही हरले. त्यांच्यानंतर सत्तेत आले ते युनियनवादी इयन पेस्ली, कराराचे कडवे विरोधक. आणि त्याच पेस्लींनी २००७ मध्ये आयआरएचे माजी सेनानी मार्टिन मॅकगिनेस यांच्यासोबत सरकार चालवायला घेतलं. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. तह करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि तरी तो तह त्याच्या विरोधकांच्या हातात जाऊन टिकतो.

बेलफास्टमधल्या दोन वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत. बहुतेक मुलं अजूनही आपापल्या समाजाच्या शाळांतच जातात. म्हणून शीर्षकातला ‘कायमची’ हा शब्द खोडून टाक. किती वर्षं माणसं मारली गेली नाहीत आणि त्या वर्षांचं काय केलं, एवढं विचारलंस तरी प्रश्न पुरेसा मोठा आहे.

आपल्या देशातलं एक उदाहरण तळटीपेत तरी दे. १९८६ च्या मिझो करारानंतर मुख्यमंत्री ललथनहवला यांनी स्वतःची खुर्ची बंडखोर नेते लालडेंगा यांच्यासाठी रिकामी केली. देशांतर्गत करार आहे, तुझ्या विषयात काटेकोर बसणार नाही. पण हातातली सत्ता सोडून दाखवल्यावर समोरच्याचा विश्वास कसा बसतो, ते तिथे दिसतं.

तुला एक माणूस नक्की भेटेल जो म्हणेल, श्रीलंकेत शांतता शेवटी करारांनी नाही, लष्करानेच आणली. २००२ चा नॉर्वेच्या मध्यस्थीचा शस्त्रसंधी कोसळला आणि मे २००९ मध्ये युद्ध लष्करी विजयाने संपलं, हे खरंच आहे. त्याला टाळू नकोस. त्याला सांग की अखेरच्या महिन्यांत हजारो सामान्य तमिळ माणसं मेली, आणि बेपत्ता झालेल्यांच्या आया २०१७ पासून किलिनोच्चीत रस्त्याकडेला फोटो घेऊन बसल्या. आणि १९५७ चा प्रश्न, म्हणजे प्रांतांना खरे अधिकार देण्याचा, अजून तसाच आहे. त्यावर राज्यघटनेत जे काही उत्तर आहे ते १९८७ च्या करारातून आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीचं. जमीन आणि पोलीस हे अधिकार तिने कागदावर दिले, प्रत्यक्षात प्रांतांच्या हाती आले नाहीत. ज्या कराराला मी आधी यश आणि मग अपयश म्हणालो, त्याचंच अर्धवट कलम आज तिथल्या तमिळांच्या हातात उरलं आहे. सांग, कोणत्या रकान्यात टाकशील?

आणि मुसलमानांचा वेगळा भाग कर. १९९० मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातून सगळ्या मुसलमानांना हाकललं. १९८७ च्या करारावर त्यांची सही नव्हती, २००२ च्या बोलण्यांतही त्यांना स्वतंत्र बाजू म्हणून जागा मिळाली नाही. दोन बाजू मोजल्या की तिसरी विसरायची, ही सवय अभ्यासकांनाही लागते.

एक काम लगेच कर. सातारा, कोल्हापूर भागात शांतिसेनेत गेलेले निवृत्त जवान आहेत. एकांशी माझी ओळख आहे, मी त्यांना फोन करून ठेवतो. लढाईबद्दल लगेच विचारू नकोस, ते गप्प होतील. विमानात बसायच्या आधी त्यांना तिथे कशासाठी चाललोय असं सांगितलं होतं, ते विचार. उत्तर त्यांच्या शब्दांत लिहून घे आणि पहिलं प्रकरण लिहायला बसण्याआधी मला पाठव.

कळावे,
तुझा काका