आता गाणं जमेल का?

प्रश्न : वय ४६. मुलं मोठी झाली तेव्हा गाणं शिकायला लागले, पण वरचा सा लावताना आवाज चिरकतो, क्लासमधली पोरं भराभर ताना घेतात. उशीर झाला का?

उत्तर : ताई, अजिबात नाही. थोर गायिका केसरबाई केरकर १९२१मध्ये त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेबांकडे तालमीला बसल्या तेव्हा तिशीला टेकल्या होत्या, आणि १९४६ला खाँसाहेब जाईपर्यंत शिकतच राहिल्या, गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचंही मोठं नाव झालं ते उतारवयातच. हां, वयाने आवाज थोडा खाली येतो हे खरंय, मग काळी पाचवर (पेटीची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून) गाताना ओढाताण होत असेल तर बिनधास्त त्याखालच्या काळी चारवर या, रोज सकाळी तानपुऱ्यावर वीस मिनिटं खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावा. पोरांच्या ताना ऐकू नका, तुमची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, ऐका.